न उमटलेल्या रेघा

मी ज्या विमानाला पहिल्यांदा दोन हजार फूट खाली यायला सांगितलं, त्याची पांढरी रेघ संध्याकाळी आमच्या बैठकीत आली. आकाशात मी ती उमटू दिली नव्हती, त्यामुळे तिला कुठंतरी जागा हवी होती. ती मनगटाएवढी जाड होती, गार होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून गॅलरीच्या दारापर्यंत ताणलेली होती. बाबांनी तिच्यावर हात टेकून पाहिला.

"पक्की आहे," ते म्हणाले आणि तिच्याखालून वाकून चहाला आले.

नागपुरात आम्ही दोघंच राहतो. बाबा डाळ मिलमधून निवृत्त झाले आहेत. माझं काम सांगायला सोपं आहे. खूप उंचावर हवेचा एखादा थर फार गार आणि दमट असतो. त्यातून विमान गेलं की मागे रेघ राहते, ती पसरून विरळ ढग होते आणि सूर्य मावळल्यावर जमिनीची ऊब वर जाऊ देत नाही. तो थर कुठं आहे ते मी पडद्यावर बघते आणि वैमानिकांना त्याला टाळून जायला सांगते. मागच्या उन्हाळ्यात बाबांना ऊन लागलं. दिवस मावळला तरी खोलीच्या भिंती निवत नव्हत्या आणि ते सलाईन लावलेल्या हाताने भिंत चाचपत होते. त्यानंतर हे काम मी मागून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात बैठकीत चालायचं तर अंग चोरून चालावं लागत होतं. रेघा कमरेएवढ्या उंचीवर होत्या, गळ्याएवढ्या होत्या, काही कोपऱ्यातून तिरप्या गेल्या होत्या. मी त्यातली एक सुरीने कापायला गेले. सुरीचं पातं गोठलं आणि रेघेला चिकटून राहिलं.

रेघांना लांबी लागते. त्यामुळे घर लांबायला लागलं. आधी बैठक लांबली, मग बाबांच्या खोलीकडे जाणारा बोळ. मी चहा घेऊन निघायचे आणि पोचेपर्यंत कपात बर्फ झालेला असायचा. बाबा तो चमच्याने खायचे.

"काऊन गं, इतका उशीर?"

"घर लांबलंय बाबा."

"हो, ते दिसूनच राहिलं," ते म्हणाले. त्यांनी स्वेटर घातला होता. मे महिना होता.

कॉलनीत मात्र सगळे खूश होते. खालच्या मजल्यावरच्या शोभाबाई ढोमणे जिन्यात भेटल्या. त्यांची पल्लवी बाळंतपणाला आली होती, आठवा महिना होता.

"औंदा कूलरमध्ये पाणीच नाही टाकलं बाई," त्या म्हणाल्या. "पोरगी गच्चीवर निवांत झोपते. तुमच्याकडे कसं आहे?"

"गार आहे," मी म्हणाले.

मी देवतळे साहेबांना सांगितलं की रेघा माझ्या घरात येतात. ते माझे वरिष्ठ. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"कुठंतरी जाणारच त्या. तुम्हाला जड होत असेल तर एखादं विमान सोडून द्या. कोणी विचारणार नाही."

म्हणून त्या दिवशी दुपारनंतर मी एकाही वैमानिकाला फोन केला नाही. विमानं थरातून सरळ गेली. घरी आले तेव्हा बैठक पूर्वीएवढी झाली होती. बाबा खुर्ची ओढून खिडकीशी बसले होते. आम्ही समोरासमोर बसून वरण-भात खाल्ला. जेवण होईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. खालून शोभाबाईंचा आवाज आला. पल्लवीला चक्कर आली होती, तिचा भाऊ रिक्षा बघायला धावला होता.

बाबा खिडकीतून पाहत राहिले. रिक्षा गेल्यावर त्यांनी घाम पुसला.

"उद्यापासून सांगत जा त्यांना," ते म्हणाले.

"मग तुम्ही लांब जाल."

"लांबून आवाज येतो ना."

पल्लवी सकाळी घरी आली. पोटातलं बाळ ठीक होतं. मी विमानं पुन्हा वळवायला लागले आणि रेघा परतल्या. या वेळी त्यांनी बाहेरचं दारही सोडलं नाही. दाराला आतून तीन आडव्या बसल्या आणि कडी हलेना. देवतळे साहेबांनी कामाचा पडदा गच्चीवरून दोराने माझ्या गॅलरीत उतरवून दिला. "घरूनच करा," ते वरून म्हणाले. "काम छान चाललंय तुमचं."

बाबांची खोली आता क्षितिजाजवळ होती. त्यांच्या ट्यूबलाइटचा ठिपका दिसायचा. मी ओरडून विचारायचे, जेवलात का? बऱ्याच वेळाने उत्तर यायचं, हो. एकदा उत्तर आलं नाही. मी रेघांखालून रांगत निघाले. गुडघे बधिर झाले आणि मागे पाहिलं तर मी गॅलरीच्याच दारात होते.

मग पडद्यावर एक नवा थर दिसला. गार, दमट, लांबच लांब. तो कुठं आहे ते मी तपासलं. ते आमचंच घर होतं.

पूर्वेकडून एक विमान येत होतं. मी वैमानिकाला फोन लावला.

"समोर थर आहे," मी सांगितलं.

"दिसतोय मॅडम. वर जाऊ?"

"वर दुसरा थर आहे."

"मग खाली?"

खाली कॉलनी होती. गच्च्यांवर गाद्या घातल्या जात होत्या. पल्लवी उशी घेऊन जिना चढत होती, एक एक पायरी.

"मॅडम, सांगा लवकर."

मी तोंड उघडलं. श्वास पांढरा होऊन बाहेर आला आणि समोर ताणून बसला.

बोळाच्या त्या टोकाला, बाबांच्या दिव्याच्या मागे, विमानाचे दोन मोठे दिवे लागले. त्यांच्या उजेडात बाबा स्पष्ट दिसले. ते खुर्चीवरून उठले, खुर्ची भिंतीला लावली आणि कोणी पाहुणा आल्यावर व्हावं तसे वाट देऊन बाजूला उभे राहिले.