साडीच्या तंबूतलं डांगर

असं समजा, की तुमचं घर आंब्याचिकूच्या वाडीत आहे. एका बाजूला उसाचं रान, इतकं दाट की कुत्रं आत शिरलं तर शेपटीचा शेंडाही दिसत नाही. दुसऱ्या बाजूला कालव्याचं पाणी आणणारी चारी. गुडघाभर खोल, तुम्ही आत पाय पसरून बसलात तर दोन्ही काठांना टेकाल एवढीच रुंद. सकाळी जाग येते तेव्हा उशाशी कोंबडी बसलेली असते. तोंड धुऊन वळावं, तर शेळी तुमचा टॉवेल चघळत उभी. आणलंत सगळं डोळ्यांपुढे? मग त्या शेळीच्या तोंडातून टॉवेल ओढणारी मुलगीही दिसली असेल. ती हर्षदा.

आधी ती सुरत शहरात, नवागामला, एका खोलीत राहायची. तिथे झाड नव्हतं असं नाही. गल्लीच्या तोंडाशी एक होतं, आणि त्याला केबलच्या तारा बांधलेल्या होत्या. मग तिच्या आजोबांनी, धुडकूबाबांनी, कापडाच्या लूमवरचं काम सोडून पलसाण्याजवळची ही वाडी वाट्याने करायला घेतली आणि सगळं बिऱ्हाड इकडे आलं. पप्पा, म्हणजे वाल्मिक, मोटारसायकलवरून साड्या छापायच्या कारखान्यात जात. मम्मी, म्हणजे सुषमा, आणि बाबा वाडी बघत. हर्षदा शाळेतून आली की दोघांच्या पायात पायात करी.

हे घर मूळचं खानदेशातलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिकडे वारलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि घागरीवर खरबूज ठेवतात. या खरबुजाला ते डांगर म्हणतात. उषाबाई आजी गेल्यापासून तिच्या घागरीवरचं डांगर दिंडोलीच्या बाजारातून येई. यंदा थंडी सरता सरता हर्षदाने जाहीर केलं, "आजीचं डांगर मी पिकवणार. बाजारातलं चालणार नाही."

"आणि नाही पिकलं तर?" पप्पांनी विचारलं.

"तर घागर नुसतीच."

"मग माझी माय स्वप्नात येऊन कान धरेल."

"तुमचा धरेल. माझ्यावर तिचा जीव होता."

बाबांनी तिला आंब्यापलीकडची मोकळी जागा दिली. दोघांनी वाळू आणि शेणखत मिसळून आळी केली, बिया टोचल्या. वेल निघाले, पसरले, आणि कळ्या दिसू लागल्या तशी हर्षदाची झोप उडाली. उसात कोल्हे होते, आणि कोल्ह्यांना डांगर फार आवडतं. शिवाय कोंबड्या होत्या. शेळी तर घरचीच.

"काळजी नको," पप्पा म्हणाले. "आपण सुरतेत राहतो. इथे पाण्याची टंचाई होईल, साडीची नाही."

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातून डागी साड्यांचा गठ्ठा घेऊन आले. कुठे रंग सांडलेला, कुठे छाप सरकलेला. मग काय थाट. चहूबाजूंनी साड्या, वर साड्या, काठाला काठ शिवलेला. मम्मीने सुई चालवली, बाबांनी अशा गाठी मारल्या की त्या त्यांनाच सुटेनात. लग्नाचा मांडव फिका पडेल असा तंबू उभा राहिला. जांभळ्यावर परातीएवढे गुलाब, पोपटी रंगावर मोर. आत जायला हर्षदापुरतं एक दार, तेही आत गेल्याबरोबर बंद.

आत फुलं आली. पिवळी, इवलीइवली, पुष्कळ. काहींच्या मागे हिरवी गोटीही होती. हर्षदा रोज रांगत आत जाई, मोजे आणि नाचत बाहेर येई. पण फुलं गळत, गोट्या पिवळ्या पडून सुकत. नवीन फुलं येत, तीही तशीच गळत.

"बाबा, हे डांगर मला ना पाडतंय," ती कुरकुरली.

"म्हणजे?"

"म्हणजे मला नाही म्हणतंय ते. फळ द्यायचंच नाही त्याला."

बाबा हसले नाहीत. त्यांनी तंबूजवळ गोणपाट अंथरलं आणि शेजारची जागा थोपटली. "बस माय. इथे काय येतं, काय जातं, ते देख."

"तुम्ही सांगा ना."

"मी सांगाव नही. माझे डोळे म्हातारे. तू देख."

हर्षदा बसली. बसणं तिला जमत नसे, म्हणून ती पालथी पडली, उताणी झाली, पुन्हा पालथी पडली. मुंगी आली, गेली. सरडा आला, मान हलवून गेला. मग एक मधमाशी आली आणि थेट जांभळ्या साडीवरच्या गुलाबावर उतरली.

माशीने गुलाब पालथा घातला. या पाकळीवरून त्या पाकळीवर चालली, मधोमध तोंड खुपसून पाहिलं, मागे सरली, पुन्हा खुपसलं. शेवटी रागाने उडाली आणि शेजारच्या गुलाबावर बसली. तिथेही तेच. मग ती मोराच्या डोळ्यावर जाऊन बसली.

हर्षदा हसून हसून गोणपाटावरून खाली गडगडली. "बाबा, फसली! छापील फुलावर बसली! कारखान्यातल्या फुलात रस शोधतेय!"

बाबाही हसू लागले, इतके की त्यांना खोकला आला. तेवढ्यात हर्षदाचं हसणं अर्ध्यात थांबलं. माशी बाहेर होती. खरी फुलं आत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "माशी आत गेली नाही, म्हणून फळ धरत नाही का?"

"एका फुलाची भुकटी दुसऱ्या फुलाला कोण नेऊन देईल मग? तू की मी?"

"तुम्हाला आधीच माहीत होतं."

बाबांनी कान खाजवला. "अर्धं. तंबू बांधताना मीबी खुशीतच होतो ना."

आता साड्या काढाव्यात तर कोल्हा, ठेवाव्यात तर माशी उपाशी. हर्षदाने जेवताना ताटात बोटाने खेळत खेळत तोड काढली. सकाळी तंबू वर गुंडाळायचा, दुकानाच्या शटरसारखा, आणि संध्याकाळी सोडायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी तिने साड्या वर केल्या आणि ओरडली, "आवो, आवो, दुकान खुल्लं!" मधमाश्यांना गुजराती येत असावी. त्या आल्या.

बऱ्याच गोट्या तरीही सुकल्या, कारण मोसम पुढे सरकला होता. एक मात्र टिकली. ती लिंबाएवढी झाली, मोसंबीएवढी झाली, तिच्या अंगावर जाळी उमटली. हर्षदाने खाली वाळलेल्या गवताची गादी घातली. शेळी दिसली की ती हात पसरून आडवी येई.

"तोडू का?" हा तिचा रोजचा प्रश्न झाला.

"ओढायचं नाही," बाबांचं रोजचं उत्तर. "पिकलं की तेच देठ सोडतं. हात लाव. सुटलं तर तुझं."

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी हात लावला. सुटलं नाही. त्याच संध्याकाळी झाडू घ्यायला वाकली, तर खाटेखाली पिशवीत बाजारातलं डांगर. गोल, पिवळंधमक, दिमाखात बसलेलं.

"हे काय?" तिने पिशवी पप्पांपुढे धरली.

"अडीअडचणीला असावं," पप्पा म्हणाले. "मला माझा कान प्यारा आहे."

"आजीला कळेल."

"कसं कळेल?"

"मी सांगेन."

सकाळी उजाडताच ती तंबूत शिरली. आत गोड वास भरला होता. तिने श्वास रोखून डांगराला बोट लावलं, आणि ते अलगद देठापासून वेगळं होऊन गादीवरून कलंडलं. बाहेर आली ती डांगर छातीशी धरून. ती नुसती उड्या मारत होती.

"धुऊन आण," बाबा म्हणाले. "मी येतो मागून."

चारीच्या काठावर बसून तिने दोन्ही हातांनी डांगर बुडवलं, चोळलं, फिरवलं. ओलं डांगर साबणासारखं निसटलं. बुडेल असं तिला वाटलं, पण ते तरंगलं, आणि मोठ्या ऐटीत निघालं.

"बाबा! आजीचं डांगर चाललं!"

मग काठावरून वरातच निघाली. पुढे डांगर, मागे हर्षदा, तिच्या मागे धोतर सावरत बाबा, तोंडात ब्रश आणि फेस असलेले पप्पा, हातात लाटणं घेऊन मम्मी, आणि काहीही कारण नसताना शेळी. डांगर कधी काठाला टेकल्यासारखं करी. हर्षदा वाकली की पुन्हा सुटे.

"पाइप!" मम्मी ओरडली. लांब पुढे चारी रस्त्याखालच्या पाइपात शिरत होती. तिथे गेलं की गेलंच.

हर्षदाने डांगराचा नाद सोडला. ती त्याला मागे टाकून जिवाच्या आकांताने धावली, वळणापाशी चारीत उतरली आणि पाठ एका काठाला, पाय दुसऱ्या काठाला लावून आडवी बसली. पाणी अडलं, तिच्या छातीपर्यंत चढलं, काठावरून शेजारच्या भेंडीत सांडू लागलं. डांगर सावकाश डोलत आलं आणि तिच्या पोटावर येऊन थांबलं. तिने त्याला मिठी मारली.

"ऊठ आता," पप्पा फेसातून म्हणाले. "लोकांची भेंडी पोहायला लागली."

चिखलात उतरायच्या तयारीने बाबांनी चपला काढून काठावर ठेवल्या होत्या. हर्षदा डांगरासकट उभी राहिली. अडलेलं सगळं पाणी एकदम सुटलं, काठ धुऊन गेलं, आणि बाबांची एक चप्पल उचलून पाइपाच्या दिशेने निघालं.

हर्षदाने चपलेकडे पाहिलं, डांगराकडे पाहिलं, डांगर पप्पांच्या हातात दिलं, आणि काठाकाठाने धावत जाऊन चपलेच्या पुढे पुन्हा चारीत बसली.