तोरणाची आतली गाठ

"डावीकडं जरा ढील दे," बुधाजी बाहेरून म्हणाला आणि मी आतून सुतळी सैल सोडली. पहिल्या मजल्यावरचं हे चौथं दार. एप्रिलचा शेवटचा दिवस, गिरगावातली दुपार, सदरा पाठीला चिकटलेला. उद्या एक मे. मुंबईसह महाराष्ट्र होणार म्हणून अख्ख्या गिरगावाला दारोदार तोरणं हवी होती, आणि आमच्या दौलतशेटकडे ती बांधणारे आम्ही दोघंच, मी लॉरेन्स आणि हा बुधाजी. सकाळी सातपासून एकवीस दारं झाली होती. आनंद लोकांचा, कंबरडं आमचं मोडत होतं.

दौलतशेटचं फुलांचं दुकान. नाताळात दारावर लावायची हिरव्या पानांची चक्रं मी वळायचो, सणाची-लग्नाची तोरणं बुधाजी ओवायचा. पण दुकानाचं नाव होतं ते बांधणीसाठी. खिळा मारायचा नाही, हा आमचा नेम. ती जुनी सागवानी दारं, पॉलिश केलेली. एक ओरखडा उठला तर घरमालक जन्मभर बोलून दाखवायचा. म्हणून तोरण सुतळीवर घ्यायचं, ओल्या पानांचा डाग पडू नये म्हणून मागे फलालीनची पट्टी द्यायची, आणि सुतळीची दोन्ही टोकं दारावरच्या झरोक्यातून आत सोडायची. आत उभं राहून एकानं ती ताणायची आणि एकमेकांना बांधायची. सगळी मदार त्या आतल्या गाठीवर. ती चुकली की संध्याकाळपर्यंत तोरण एका बाजूला लोंबायला लागतं.

अठरा वर्षं बुधाजी बाहेर आणि मी आत. शेटनं पहिल्याच दिवशी तसं लावून दिलं होतं. कारण त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बुधाजी परळच्या चाळीतला, बाबासाहेबांचा माणूस, छप्पन साली बायकोमुलांसकट बौद्ध झालेला. कुणी विचारलंच तर मी सांगायचो, बुधाजीची नजर सरळ आहे, त्याला ओळंबा लागत नाही, म्हणून तो बाहेर. खोटं नव्हतं ते. पण खरं कारण मला ठाऊक नव्हतं असंही नाही. मूग गिळून बसलो होतो, झालं.

त्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर बुधाजीनं सांगितलं की आजचा दिवस शेवटचा. गुडघे पार गेलेत, आणि मास्तरीण झालेली त्याची बकुळा आता त्याला शिडीवर चढू देत नाही. मी म्हटलं, बरं झालं, आराम कर. त्यानं बशीतला चहा संपवला.

"आज एका घरात आतली गाठ मी मारणार," तो म्हणाला. "तू भाईर थांब. कोन काय विचारील तर माझं मी सांगीन. तू मधी तोंड घालू नको."

 शेटच्या कानावर गेलं तर बुधाजीचं काय, तो उद्यापासून घरीच. पण मला शेट त्याच्याबरोबर घरी बसवणार हे मला दिसत होतं. तरी मी हो म्हटलं. अठरा वर्षांत या माणसानं माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

घरही त्यानं ठरवून ठेवलं होतं. या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. त्यांचा मुलगा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आला होता. बुधाजीनंही मोर्चात पोलिसांची लाठी खाल्ली होती, खांद्यावर वळ होता अजून. दोघं एकाच गोष्टीसाठी मार खाल्लेले. त्या घरात नाही तर कुठल्या घरात, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं.

पहिला मजला उरकून आम्ही वर गेलो. आजींचं दार सताड उघडं. आत झोपाळ्यावर आजी वाती वळत बसलेल्या, त्यांची सून मृणालिनीबाई पाट मांडत होत्या, कारण दुसऱ्या दिवशी घरात सत्यनारायण होता. दोघीही मला वर्षानुवर्षं ओळखत होत्या. बुधाजीला त्या ओळखत होत्या का, ते सांगता येत नाही. तो दरवेळी दाराबाहेर, शिडीवर असायचा.

बुधाजीनं टोपली माझ्या हातात दिली. वहाणा जिन्यापाशी काढल्या, खांद्यावरच्या पंच्यानं पाय पुसले, एकदा पुसले, मग पुन्हा पुसले. ते बघून मला कसंसंच झालं. मग त्यानं उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

आजींनी वर बघितलं. रागानं नाही हो, सहज.

"लॉरेन्स, आज हा आत येतोय वाटतं? हा तुमच्यातलाच ना रे?"

मृणालिनीबाईंनी हातातला पाट खाली ठेवला आणि त्या काहीतरी बोलणार, एवढ्यात मीच बोललो.

"हो आजी, आमच्यातलाच."

आईशपथ सांगतो, चांगल्या मनानं बोललो. वाटलं, ख्रिस्ती म्हटलं की आजींना बरं वाटेल, बुधाजी आत जाईल, गाठ मारील, कुणाला काही कळायचं नाही आणि सगळ्यांचं समाधान होईल. शहाणपणा नडला, दुसरं काय.

"मग ये की बाबा," आजी म्हणाल्या आणि झोपाळ्यावरून पाय आवरून त्यांनी वाट करून दिली.

आता त्यानं डावा पाय उचलायचा एवढंच राहिलं होतं. तो उचलेना. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाय आजी," तो म्हणाला. "मी बुधाजी तांबे. परळचा. आमी बौद्ध."

 आजींनी हातातली वात संपवली, ताटलीत ठेवली. त्या हळूच म्हणाल्या, उद्या पूजा आहे रे घरात, एरवी काही नसतं, तू आपलं बाहेरचंच बघ, गाठ हा बांधील. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू रे, खोटं कशाला बोललास?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. बुधाजीनं पाय मागे घेतला, शिडी लावली आणि सुतळी झरोक्यातून आत सोडली. मी आत जाऊन ती ताणली आणि बांधली. गाठ झकास बसली, दाराला ओरखडा नाही, तोरण रेषेत. अठरा वर्षांची सवय हातांना, त्यांना काय त्याचं?

आम्ही निघालो तशा मृणालिनीबाई जिन्यापर्यंत आल्या. डोळे भरले होते त्यांचे. "काका, मी म्हणणारच होते तुम्हाला, आत या म्हणून," त्या म्हणाल्या. "पण या लॉरेन्सनं आधीच तसं सांगितलं, मग मी काय बोलू?" बुधाजी म्हणाला, असू दे बाई, आणि वहाणा पायात सरकवल्या.

अर्ध्या जिन्यावर मला राहवेना. मी म्हटलं, बुधाजी, तुझ्या भल्यासाठीच बोललो रे. तो थांबला. टोपली पायरीवर ठेवली, गुडघा चोळत उभा राहिला. चिडला असता तर बरं वाटलं असतं मला. पण तो फार थकलेला दिसत होता.

"म्हातारीनं मला भाईर ठेवला, तो माझ्या नावानं ठेवला," तो म्हणाला. "तू आत नेत होतास तो कोनाला?"

 त्यानं टोपली उचलली आणि एक एक पायरी धरत वर चढू लागला. मी शिडी खांद्यावर घेतली.

तिसऱ्या मजल्यावर तीन दारं राहिली होती. तिन्ही घरांत आत मीच गेलो.