हिरवा आकडा

गुरलीन दिल्लीच्या हवेतली धूळ मोजायची. शहरभर लावलेल्या यंत्रांचे आकडे तिच्या टेबलावरच्या पडद्यावर येत, आणि जानेवारीत ते बघून तिचा जीव अर्धा होई. तिच्या सात महिन्यांच्या मुलाच्या, फतेहच्या, छातीत घरघर सुरू झाली तेव्हा तिने विष्णू गार्डनमधल्या घराच्या मागच्या खोलीचा किल्लाच करून टाकला. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल, कोपऱ्यात हवा गाळायचं यंत्र. वर धूळ मोजणारं एक छोटं यंत्रही ठेवलं, त्याचा आकडा थेट तिच्या फोनवर दिसे. तिच्या सासूबाई, बीजी, येईल त्याला सांगायच्या की सुनेनं आम्हाला लोणच्यासारखं बरणीत भरून ठेवलंय.

त्या दिवशी सूर्य उगवला की नाही तेच कळलं नव्हतं. दुपारी ऑफिसात बैठक चालू असताना फोनवरचा आकडा एकदम चढला. गुरलीनने हळूच बीजींना फोन लावला.

"अगं, गॅलरीचं दार उघडलं होतं जरा," बीजी म्हणाल्या. "पोराचे पाय नुसते बर्फ झालेत. शेगडी बाहेरच पेटवली, धूर पार संपू दिला, कोळसे लाल झाल्यावरच आत आणली. तुझा आकडा नाही हो नासवत मी. आता दार लावून, टॉवेल सारून आम्ही दोघं झोपतो."

साहेब तिच्याकडेच बघत होते. "बरं बीजी, छान," असं पुटपुटून तिने फोन ठेवला. शब्द कानावर पडले होते, डोक्यात शिरले नव्हते.

बैठक संपेपर्यंत आकडा उतरून हिरवा झाला. बाहेर सगळी दिल्ली लाल असताना तिच्या पोराची खोली मात्र हिरवी. तिने कौतुकाने फोन शेजारच्या टेबलावरच्या त्यागीपुढे धरला. घरात शेगडी पेटलीय, तरी बघ, म्हणाली.

त्यागीने हातातला समोसा खाली ठेवला. "बंद खोलीत शेगडी?"

गुरलीनने हिरव्या आकड्याकडे पुन्हा पाहिलं. तिचं यंत्र फक्त धूळ मोजत होतं. धगधगत्या कोळशाच्या विषारी वायूला ना रंग ना वास. तो त्या यंत्राला दिसत नाही आणि गाळणीतही अडकत नाही. दर थंडीत या शहरात शेगडीशेजारी झोपलेली माणसं उठतच नाहीत, हे तिला काय ठाऊक नव्हतं? आणि हवा यायच्या साऱ्या फटी तिने स्वतःच्या हातांनी बुजवल्या होत्या.

बीजींचा फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. घराशेजारच्या शम्मी भाभींची आणि गुरलीनची मागची गॅलरी एकच होती. गुरलीन बीजींना लावतच होती, तोवर तिने सांगितलेला भाभींचा नंबर त्यागीने आपल्या फोनवरून लावून दिला.

"भाभी, गॅलरीत जा. आमच्या खिडकीची काच फोडा."

"काच? अगं, झालंय काय?"

"आधी फोडा, भाभी. मग विचारा."

त्यागीचा फोन कानाला लावून ती स्वतःच्या फोनकडे बघत राहिली. हिरवा आकडा जागचा हलेना. एवढी भीती तिला कुठल्याच आकड्याची कधी वाटली नव्हती. वाढ, ती पुटपुटत होती, वाढ रे बाबा. कानात खळ्ळकन आवाज झाला. आकडा पिवळा झाला, केशरी झाला, बघता बघता लाल झाला. शहरातली सगळी घाण तिच्या बाळाच्या खोलीत शिरत होती आणि ती वाहेगुरूचे आभार मानत होती. पण पोराचा आवाज काही येत नव्हता. त्यागी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर अँब्युलन्सला पत्ता सांगत होता, तोही तिला लांबून ऐकू आल्यासारखा वाटला.

मग अगदी बारीक, चिरका रडका सूर आला.

"रडतोय गं, रडतोय," शम्मी भाभी धापा टाकत म्हणाल्या. "बीजींनाही बाहेर ओढलंय. ओकताहेत, आणि काच फोडली म्हणून मला शिव्या घालताहेत."

 अँब्युलन्स येतेय, तोवर दोघांना उघड्यावरच ठेवा, एवढं गुरलीनने कसंबसं सांगितलं.

"ठेवते. पण खोलीत सगळं धुरकं भरतंय गं. खिडकीला चादर तरी बांधू का?"

"काही बांधू नका, भाभी," गुरलीन म्हणाली. "येऊ दे आत."