सगळ्या बाळंतिणी सुखात

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला आकडेबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. नर्सिंग कॉलेजात ती ट्यूटर होती आणि सध्या पीएचडीच्या मागे हात धुऊन लागली होती. अशा माणसाच्या चेहऱ्यावर असतो तो भाव तिच्याही चेहऱ्यावर कायम असे: आपण जिथं उभ्या आहोत ती जागा आपल्या लायकीची नाही. विषय मात्र भारदस्त घेतला होता. कोवळ्या वयात आई झालेल्या पोरींची बाळंतपणानंतरची मनःस्थिती. हा विषय तिला पोरींच्या कळवळ्यापोटी सुचला असं कुणी म्हणालं असतं, तर सगळ्यात आधी तीच हसली असती. गाईड मॅडमच्या दारावर पाटी होती, 'माता, किशोरी व मानसिक आरोग्य संशोधन कक्ष', आणि पाटीवरचं सगळं ज्यात कोंबता येईल तोच विषय मॅडम मंजूर करत. आकडेबाईनं हिशेब मांडला. कोवळी आई म्हटलं की माता आली, किशोरीही आली. राहिलं मन, ते काय कुणाचंही चालतं.

मॅडमबद्दल तर बोलायलाच नको. त्यांनी शेवटचा पेशंट हाताळला तेव्हा वॉर्डात अजून काचेच्या सिरिंज उकळत असत. त्यानंतर त्यांनी फक्त चर्चासत्रं हाताळली. स्टेजवर फुलांचा गुच्छ त्या अशा छातीशी धरत, की बाळंतपण त्यांचंच झालंय असं वाटावं. मॅडम खूश झाल्या तर आकडेबाईला डिग्री मिळणार होती, आणि डिग्रीच्या पाठोपाठ उपप्राचार्यांची रिकामी पडलेली खुर्ची. त्या खुर्चीची गादी कोणत्या रंगाची असावी इथपर्यंत तिचं ठरलं होतं.

प्रश्नावली दहा प्रश्नांची होती. गंमत पाहून हसू येतं का, पुढच्या दिवसांचा विचार करून बरं वाटतं का, उगाच स्वतःला दोष देता का, अशी साधी सुरुवात. शेवटचा, दहावा, तेवढा जड: स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटलं का? उदासी जितकी जास्त, तितके गुण जास्त. अडचण एवढीच, की बाळंतिणी हाती लागत नसत. घरची माणसं न्यायला आली, की पोरी बाळाला उचलून अशा सटकत, जणू प्रश्न विचारणारी बाई पोलीस आहे. मग आकडेबाईनं एक शक्कल काढली आणि इन्चार्ज सिस्टरला गळ घातली.

"घरी जाणाऱ्यांची डिस्चार्ज कार्डं माझ्याकडे देत जा. प्रश्न झाले की मी स्वतः हातात देईन."

"घ्या की बाई," सिस्टर म्हणाली. "तेवढीच माझ्या डोक्याची कटकट कमी."

ही शक्कल तिला इतकी आवडली, की प्रबंधात तिनं तिच्यावर एक अख्खा परिच्छेद खर्च केला. एकही बाळंतीण सुटली नाही, असं त्यात अभिमानानं लिहिलं.

आणि आकडेही काय आले! शून्य. पुन्हा शून्य. टाके दुखून कण्हणारी पोरगी, शून्य. उशीत तोंड खुपसून रडून डोळे सुजवलेली, तीही शून्य. अख्ख्या वॉर्डात एक उदास जीव नाही. आकडेबाईला मनात कुठंतरी खुटखुटलं, नाही असं नाही, पण खुटखुटणं मोजायला तिच्याकडे काही नव्हतं. मॅडमना तर आनंदाचं भरतंच आलं.

"अगं, हा कुटुंबाचा आधार!" त्या म्हणाल्या. "सासू उशाशी, नवरा पायाशी. जगाला सांगायला हवं हे. मी शीर्षकसुद्धा काढलंय, 'हसरा वॉर्ड'."

हे सगळं जिथं मांडायचं ती परिषद तोंडावर आली होती. थोड्या नोंदी व्हायच्या होत्या, आणि त्यातच शेवटच्या कॉटवरच्या पोरीचा नंबर लागला.

पोरगी नुकतीच अठरा ओलांडलेली. सासू सकाळपासून पिशवी बांधून स्टुलावर बसली होती. ही बाई सुनेशी बोलत नसे, सुनेबद्दल बोले, तेही सुनेच्या डोक्यावरून, समोरच्या भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"विचारा बाई लवकर. खाली गाडी उभी आहे. हिचं काय, हिला बसवलं तिथं बसते."

आकडेबाईनं पॅड सरसावलं. त्या दिवशी प्रश्नांची पानं एकमेकांना चिकटली होती आणि तिची नजर अर्धी घड्याळाकडे. पहिला प्रश्न विचारला, हसू येतं का?

"हो, नेहमीसारखंच," पोरगी म्हणाली.

चिकटलेल्या पानात दुसरा प्रश्न दडून राहिला आणि आकडेबाईनं सरळ तिसरा वाचला. "उगाच स्वतःला दोष देतेस का?"

"हो, पूर्वीइतकंच," पोरगी तेवढ्याच गोड आवाजात म्हणाली.

आकडेबाईचं पेन थांबलं. एवढ्यात शेजारच्या कॉटवरून खणखणीत आवाज आला.

"अगं ए येडे! बाईंनी दोन नंबर गाळला! हा तीन. तीनला 'नाही' म्हणायचं, 'कधीच नाही'!"

ही शेजारीण वॉर्डातली सगळ्यात जुनी रहिवासी. बाळ अपुऱ्या दिवसांचं, काचेच्या पेटीत ठेवलेलं, त्यामुळे बाळ सुटेपर्यंत हीही अडकलेली. वॉर्डात तिला सगळ्या ताई म्हणत आणि तीही ताईपणा मनापासून गाजवी.

"कुणी शिकवलं हे हिला?" आकडेबाईनं विचारलं.

"मीच," ताई म्हणाली. लाजायचं काही कारण आहे असं तिच्या गावीही नव्हतं. "सगळ्यांना मीच पाठ करून घेते. तुम्ही नवीन नवीन आलात तेव्हा एका पोरीनं खरं सांगितलं, आठवतंय? तुम्ही लगेच तिला मनाच्या डॉक्टरकडे धाडलं आणि तिचं घरी जाणं लांबलं. तिच्या सासूनं काय तमाशा केला इथं! तेव्हापासून कानाला खडा. तुम्हाला कागद भरून हवा, आम्हाला कार्ड हवं. कुणाचं काही अडत नाही."

आकडेबाईला ती पोरगी आठवली. ती सुरुवातीच्या सराव-नोंदींतली होती, हिशेबात धरलीच नव्हती. हिशेबात धरलेल्या सगळ्या ताईच्या शिकवणीतून पास होऊन आलेल्या.

"विचारा ना पुढचं," कॉटवरची पोरगी काकुळतीला आली. "मला येतं सगळं. चारला 'नाही'. पाचला 'नाही'. सहाला 'जमतंय सगळं'. दहाला 'कधीच नाही'. बघा, येतंय."

सासू हसली. "घरीपण अशीच. कामापेक्षा तोंड पुढं."

आकडेबाई हसली नाही. प्रबंध डोक्यात शिरण्याआधी कधीकाळी तीही नर्स होती, आणि तो जुना डोळा अजून पुरता मिटला नव्हता. पाळणा कॉटच्या पायथ्याशी, हात पुरणार नाही इतका लांब सरकवलेला होता. बाळ कुरकुरलं तरी पोरीनं मान वळवली नाही. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, थंडी वाजत असल्यासारखे, आणि वॉर्डात तर सगळ्या पंख्याखाली घामाघूम होत्या.

"आलेच," म्हणत कार्ड खिशात घालून ती मॅडमकडे गेली.

मॅडम स्क्रीनवर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पिवळं ठेवावं की गुलाबी, या विवंचनेत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गुलाबी ठेवलं.

"पाठ करतात? मग काय झालं? परीक्षेला सगळेच पाठ करतात."

"पण मॅडम, मग या आकड्यांना काय अर्थ?"

"प्रश्नावली मान्यताप्राप्त आहे ना? मग आकडेही मान्यताप्राप्त. इतकं साधं आहे ते."

"शेवटच्या कॉटवरची मुलगी मला बरी वाटत नाहीये."

"स्कोअर किती तिचा?"

"पाठ उत्तरं धरली तर शून्य."

"मग ती सुखात आहे."

"मॅडम, ती बाळाला हात लावत नाही."

"तो प्रश्न आहे का दहांत?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही ना? मग तू कशाला विचारतेस? अगं, परिषद होऊ दे. मग बसू आपण निवांत, मर्यादांवर एक ओळ टाकू."

जिन्यावरून उतरताना आकडेबाईच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा उगाच तिला देवमाणूस समजायचा. पहिल्यांदा राग आला, तो ताईचा. एका बाळंतिणीनं आपल्याला आठवडेच्या आठवडे बनवलं! मग आली भीती. उद्या घरी काही झालं, तर कार्ड देणारे हात कुणाचे? मग खुर्ची डोळ्यांपुढे आली, गादीसकट. पोरीला अडवलं तर एक शून्य खोटं ठरणार, आणि एक खोटं म्हणजे सगळीच खोटी. न अडवावं, तर ही पोरगी बाळ घेऊन गाडीत बसणार. आणखी एक पेच होता. अडवल्याचं दिसलं, की ताईची शिकवणी दुप्पट जोरात चालणार. फायदा कुठल्याच बाजूला दिसेना. अशा वेळी माणूस जे करतो ते हिशेबानं करत नाही.

वॉर्डात येऊन तिनं सासूला खाली औषधांच्या खिडकीवर गोळ्या आणायला पिटाळलं. ताईला सांगितलं, "जा, तुमच्या बाळाला बघून या."

"आत्ताच बघून आले."

"परत बघा."

ताई फणकाऱ्यानं गेली. आकडेबाईनं पडदा ओढला, खिशातून कार्ड काढलं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं.

पोरीनं ते उलटून पाहिलं. "सही आहे?"

"आहे. जायचं तर जा. कुणी अडवणार नाही."

"आणि प्रश्न?"

"नाहीत. मला काही लिहायचंच नाहीये." तिनं पॅड स्टुलाखाली ठेवलं. खाली बसली. समुपदेशनावर ती कॉलेजात अख्खं सत्र शिकवत असे, त्यातलं एक वाक्य मदतीला येईल तर शपथ.

पोरगी कार्डाचा कोपरा दुमडत राहिली.

"इथं सिस्टर अंघोळ घालते बाळाला," ती म्हणाली.

"हो."

"घरी मला घालायचीय. सासूबाईंचे गुडघे धरलेत."

"मग?"

"टब दिसतो. भरलेला. झोपेत नाही, जागेपणी दिसतो. बाळ आत असतं आणि माझे हात..." तिनं हात पुन्हा मांडीखाली घातले. "मी काही केलं नाही हो. करणार पण नाही. पण दिसतं. मग वाटतं, याच्याऐवजी आपणच नसावं."

"कुणाला बोललीस हे?"

"ताईला. ती म्हणाली, हे तर मेली तरी सांगू नकोस."

पडद्यापलीकडे कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं. पोरगी दचकली. मग तिनं कार्ड पुढे केलं.

"बाई, मी आज नाही गेले तर चालेल का?"

"चालेल," आकडेबाई म्हणाली. "कार्ड राहू दे तुझ्याजवळ. मी इथंच आहे."

आकडेबाईनं निरोप धाडला तशा मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या, पडद्याआड बसल्या. पोरीला त्यांनी सांगितलं की असली चित्रं पुष्कळ आयांना दिसतात, बोलायला मात्र घाबरतात. नसावंसं वाटणं हा आजाराचा भाग आहे, त्यावर उपचार आहेत, आणि काही दिवस तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. सासूनं गोळ्यांचं पाकीट आपटलं.

"घरी काय तोंड दाखवू? सून वेडी निघाली म्हणून?"

"सांगा, ट्यूटर बाईनं अडवलं," आकडेबाई म्हणाली. "मला शिव्या घाला. मोठ्यानं घाला, तुम्हाला जमतं ते."

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. बातमी वर पोचली होती.

"ती एक नोंद वगळून टाक. अपवाद म्हणून."

"वगळायच्या तर सगळ्याच वगळाव्या लागतील, मॅडम. कार्ड अडकवून विचारलं, तिथंच घोळ झाला. तो माझा."

"आणि तुझी पीएचडी?"

"पहिल्यापासून करेन."

"माझ्या सहीशिवाय?" मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

'हसरा वॉर्ड' परिषदेत वाजतगाजत सादर झाला. आकडेबाईचं नाव त्यातून एखाद्या नको असलेल्या केसासारखं उपटून टाकलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत कित्येक जण स्वतः वॉर्डात काम केलेले होते, हे विशेष. उपप्राचार्यांच्या खुर्चीवर बसली मॅडमची दुसरी विद्यार्थिनी. तिचा विषय होता किशोरवयीन आनंद. आकडेबाईच्या वाट्याला पहिल्या वर्षाच्या मुलींना चादर कशी अंथरावी हे शिकवणं आलं.

ती वॉर्डात यायची मात्र थांबली नाही. आता आधी कार्ड देई, मग विचारी. पहिल्या दिवशी झाडून सगळ्यांनी कार्डं घेतली आणि पळाल्या. इन्चार्ज सिस्टर पोट धरून हसली. "झालं का बाई तुमचं संशोधन?" ताईनं तर तिच्याशी बोलणंच टाकलं. पोरीनं ताईचं नाव सांगून टाकलं, याचा राग होता की 'मेली तरी सांगू नकोस' म्हटल्याची बोच होती, ते ताईचं तिलाच ठाऊक. बाळाच्या पेटीपाशी मात्र ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभी राहू लागली.

डॉक्टरीणबाईंनी सासूला अटच घातली: घरी काही महिने बाळाची अंघोळ सासूनं घालायची आणि सुनेला एकटं ठेवायचं नाही, नाहीतर घरी पाठवणार नाही. म्हणून एका सकाळी वॉर्डाच्या मोरीत सासू पाटावर बसली होती, गुडघ्यांच्या नावानं खडे फोडत, आणि सिस्टर तिला बाळाची मान कशी धरायची ते दाखवत होती. आकडेबाई दाराशी उभी होती, शिव्यांचा आपला वाटा घ्यायला. तो तिला भरपूर मिळत होता.

पोरगी टॉवेल घेऊन भिंतीला टेकून उभी होती. पाण्याकडे बघत नव्हती.

"हं, घे," सासू म्हणाली. पहिल्यांदाच भिंतीला नाही, सुनेला. "गार पडेल पोर. घे ना!"

पोरगी जागची हलली नाही. मग एक पाऊल पुढे आली आणि टॉवेल पसरला.