तनयाच्या मुलाखती

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणावर एक लांब चरा आहे आणि माझा कॅमेरा अधूनमधून अडकतो. मित्रांनो, माझे बहुतेक आयुष्य इंग्लंडमध्ये, वॉटफर्डमधल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर गेले.

शशिकांतकाकांनी मला त्यांच्या मुलीसाठी, तनयासाठी घेतले. तिचे युनिव्हर्सिटीचे पहिले वर्ष होते. तिचे सगळे प्रोजेक्ट माझ्यावरच लिहिले गेले. तेव्हा माझे फार कौतुक होई.

तनया लहानपणापासून बोलताना अडखळते. जीवशास्त्राची पदवी चांगल्या गुणांनी मिळाल्यावर तिला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे होते.

पहिली मुलाखत एका खासगी लॅबची होती. समोर माणूसच नव्हता. माझ्या पडद्यावर प्रश्न उमटायचा आणि नव्वद सेकंदांत कॅमेऱ्याकडे पाहून उत्तर रेकॉर्ड करायचे. स्वतःचे नाव सांगतानाच तिचे वीस सेकंद गेले. तिसऱ्या प्रश्नाला वाक्य अर्धे असताना रेकॉर्डिंग बंद झाले. दोन दिवसांनी नकाराचा ईमेल आला. त्यात कारण नव्हते. अशा आणखी तीन मुलाखती झाल्या.

पुढच्या अर्जात 'मुलाखतीसाठी काही मदत हवी का?' असा रकाना होता.

"स्टॅमरचं लिहू नकोस," शशिकांतकाका म्हणाले. "आधीच बाजूला सारतील."

"नाही लिहिलं तरी रिजेक्ट केलंच ना, बाबा?"

तिने लिहिले.

ही मुलाखत साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलची होती. त्यांनी प्रश्न अर्धा तास आधी पाठवले आणि वेळही वाढवून दिला. पडद्यावर तीन माणसे होती. सगळ्या उमेदवारांना हेच प्रश्न आहेत आणि प्रत्येक उत्तराला गुण आहेत, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले.

दुसऱ्या उत्तरात तनया एका शब्दावर थांबली. तोंड उघडे, आवाज नाही.

"तुमचा स्क्रीन फ्रीज झालाय का?" पॅनेलवरच्या बाईंनी विचारले.

मी खरोखरच अडकत असे. तिने 'हो' म्हटले असते, तर मला वाईट वाटले नसते.

"न... नाही," तनया म्हणाली. "लॅपटॉप ठीक आहे. मी अडखळतेय. प्लीज, थोडं थांबा."

ते थांबले. तिने उत्तर पूर्ण केले.

ती नोकरी तिला मिळाली नाही. पण ईमेलमध्ये प्रत्येक उत्तराचे गुण होते. रक्ततपासणीच्या एका यंत्राचा अनुभव तिला नव्हता, तेवढ्या एकाच बाबतीत ती मागे पडली होती.

"बाबा, हे तर शिकता येतं," ती म्हणाली. त्या संध्याकाळी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

तिने ते काम शिकून घेतले आणि पुन्हा तिथेच अर्ज केला. आता ती साउथहॅम्प्टनला राहते, त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते.

मी कपाटात पडून आहे. माझी बॅटरी फुगली आहे. या शनिवारी काका मला कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रिसायकलिंग सेंटरला नेतील. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणाची तरी मुलाखत घ्याल. बोलणारा मध्येच गप्प झाला, तर त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. ते त्याला करू द्या.