पाळलेली दुपार

वार पाळणूक लागली की देवीच्या ठरल्या वारी अख्खं उचगाव काम बंद ठेवून शेताकडं पाठ फिरवतं. तेव्हा कुणी कुणाची पार्टी विचारत नाही. एरवी मात्र मयतालासुद्धा पार्टी बघूनच जायचं! म्हणूनच देवळातल्या बैठकीत विरोधी पार्टीचा ज्योतिबा बोलायला उठला, तसं समोरच्या पार्टीच्या भावकूनं आधीच तोंड वाकडं केलं.

"वारासारखी दुपार पाळूया," ज्योतिबा म्हणाला. "हवामान बदलालंय. ऊन पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाय. उन्हाळाभर बारा ते चार कुणीच शेतात जायाचं न्हाय. एकट्यानं कोण थांबत न्हाय, गावानं ठरवलं तर सगळी थांबतील."

"ऊन बी तुझ्याच पार्टीचं काय रं?" भावकूनं टोमणा मारला.

देऊळभर हशा पिकला. आपल्याच विनोदावर भावकू लई खूश झाला. ठराव तिथंच बारगळला.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबाची माणसं दुपारी शेतातून घरी परतली. भावकूनं मात्र मिरचीची तोडणी मुद्दाम भर उन्हात काढली.

"आज नको जाऊया, डोकं गरगरालंय," त्याची बायको मालुबाई म्हणाली.

"घरात बसलीस तर भावकूनं ज्योतिबाचं ऐकलं म्हणंल गाव. चल!"

ती गेली. नवऱ्याच्या हट्टापायी मुकाट उन्हात वाकली आणि मिरचीच्या सरीतच कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. भावकूनं बोंब मारली, पण आसपासची शेतं ज्योतिबाच्या माणसांची; तिथं होतं कोण? मळ्यातल्या घरातून धावत आला तो ज्योतिबाच. त्याच्याच गाडीतून तिला बेळगावला न्यायला निघाले. वाटेतच तिनं प्राण सोडला.

तेरावं झाल्यावर बैठक बसली. भावकू उठला. "ज्योतिबाचं खरं हाय. दुपार पाळूया."

त्याच्याच पार्टीचा मष्णू हसला. "काय अण्णा, ऊन आता कुठल्या पार्टीचं झालं?"

पुन्हा हशा! तोच टोमणा, तीच माणसं. ज्योतिबा तेवढा हसला नाही.

"हसा," भावकू म्हणाला. "मी बी असाच हसलोतो. मालूला उन्हानं पार्टी इचारली न्हाय रं!"

मष्णूनं मान खाली घातली. त्या दिवसापासून गावानं दुपार पाळली. भावकूची मिरची मात्र झाडावरच वाळून गेली; ती तोडायला सोबत येणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

बंधू-भगिनींनो, सांगणारा कुठल्या पार्टीचा हे नंतर बघा. आधी तो काय सांगतोय ते ऐका. भावकूनं ऐकलं, पण बायकोला सरणावर ठेवल्यावर.