तहसीलदाराची अफू

गोमाजीच्या कुत्र्याचं नाव तहसीलदार. लहानपणी तो सगळ्यांच्या घरचं खायचा आणि कुणाचंच ऐकायचा नाही, म्हणून गावानं हे नाव ठेवलं. खरे तहसीलदार दौऱ्यावर आले की गोमाजी त्याला खाटेला बांधायचा आणि दिवसभर हाक मारायचा नाही.

छप्पन साली मी समुद्रपूरच्या पुढे एका खेड्यात ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही बस मिळाली तर. बाकी सहा दिवस डॉक्टर मीच. बैलाम्हशींचं मला बरंच कळायचं, आणि जे कळत नसे ते मी कुणाला कळू देत नसे.

त्या माघात एका सकाळी गोमाजी हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अफूच्या तंद्रीत बसला होता. रानडुक्कर सरळ त्याच्यावर आलं. तहसीलदार मधे पडला. डुक्कर पळालं, पण जाता जाता कुत्र्याची मांडी कमरेपर्यंत फाडून गेलं. गोमाजीनं त्याला धोतरात गुंडाळून माझ्याकडे आणलं. स्वतः लंगोटीवर होता आणि ढसाढसा रडत होता. मी सतरा टाके घातले. दुखणं थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं. बैलाला चार माणसं धरून ठेवतात, तेच आमचं औषध.

"माह्याजवळ हाये," गोमाजी म्हणाला.

होतीच. तो सरकारदरबारी नोंदलेला अफूबाज. कार्डावर महिन्याची अफू मिळायची, आणि सरकार दरसाल त्यातली थोडी कापायचं. बायको भागीरथाबाई तीस वर्षं सोडा म्हणत होत्या. तो म्हणायचा, सरकार सोडवतंच आहे, मी मधे काऊन पडू?

त्यानं मला विचारलं, किती दिवस द्यावी लागेल? कुत्र्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती, म्हणून मी ठणकावून सांगितलं, दीड महिना. गोमाजीनं डबी उघडून पाहिली. पंधरा गोळ्या होत्या. त्यानं ती बंद केली आणि त्या दिवसापासून स्वतः एकही घेतली नाही.

मात्रा मात्र त्यानं आपल्या मापानं दिली. डुकराशी लढला त्याला अर्धी देणं हा अपमान झाला असता, म्हणून अख्खी. तहसीलदार आधी ओकला, मग लाळ गाळत आडवा झाला, तो उठेचना. श्वास मिनिटाला सहा-सात. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मी टोपी काढली आणि खड्डा खणायला घ्या म्हणालो.

भागीरथाबाई चुलीपासून उठून आल्या. आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मरत नाई तो, बाबू. हे रोज दुपारी असेच राह्यतात."

त्यांनी त्याच्या तोंडावर गार पाणी मारलं, कान पिळला, शिव्या दिल्या. श्वास अडकला की पुन्हा कान. दिवस मावळेपर्यंत त्या हलल्या नाहीत. शेवटी तहसीलदारानं एक डोळा उघडून त्रासानं पाहिलं. मग डबी त्यांनी आपल्या कमरेला खोचली आणि मात्रा तिळाएवढी केली.

तिसऱ्या दिवशी कुत्रा धापा टाकत रडायला लागला. दुखतंय, मात्रा वाढवा, असं मी म्हणालो. भागीरथाबाईंनी मला जखमेला हात लावून पाहायला सांगितलं. लावला. तो हललाही नाही.

"दुखत नाई त्याले. नशेत रडून राह्यला. लग्न झालं त्या साली हे बी रडत. मले वाटे, माहेर सुटलं माह्यं, अन् हे काऊन रडून राह्यले?"

मात्रा आणखी कमी झाली आणि रडणं थांबलं. पण चार दिवस तहसीलदाराला शौचास झाली नाही. मी पुस्तक काढलं, त्यात फक्त बैल होता. भागीरथाबाईंनी नवऱ्याची एरंडेलाची बाटली काढली. नवऱ्याला आता तिची गरज नव्हती. अफू सुटल्यामुळे गोमाजीचं नाक गळत होतं, पाय थरथरत होते, आणि तो दिवसातून दहा वेळा लोटा घेऊन नाल्याकडे धावत होता. कुत्रा बंद आणि मालक मोकळा, अशी त्या घराची अवस्था होती. पाचव्या दिवशी तहसीलदारानं धुऱ्यावर कार्यभाग उरकला, तेव्हा गोमाजी त्या हालतीतही गावभर सांगत फिरला.

बाराव्या दिवशी मी टाके काढले. तहसीलदार लंगडत गेला आणि माझ्या सायकलवर तंगडी वर केली. दीड महिन्याचा विषय कुणी काढला नाही, हे त्यांचे उपकार. भागीरथाबाईंनी कमरेची डबी काढून नवऱ्यापुढे ठेवली. तेरा गोळ्या शिल्लक होत्या.

गोमाजीनं ती परत सरकवली. "राहू दे त्यालेच. पुन्हा डुक्कर येईन."

भागीरथाबाईंनी डबी पुन्हा कमरेला खोचली.

"कुत्र्यासाठी सोडली. मी तीस वर्सं म्हटलं, तवा नाई सोडली."

गोमाजीनं खरोखर विचार केला. "त्यानं कधी सोडा म्हटलं नाई."

मला हसू आलं होतं. त्यांचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं. गोमाजीचा मला इतका राग पुन्हा कधी आला नाही.

त्या उठल्या. भाकरी आधी कुत्र्याला वाढली, मग मला. गोमाजीला त्यांनी हाक मारली नाही. तो आपला आपण येऊन तहसीलदाराच्या शेजारी बसला.